सेंट अँड्र्यूजमध्ये दोघांचा एक दिवस: सकाळी गोल्फ, संध्याकाळी पब (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आम्ही डंडीत राहतो. नदी ओलांडली की अर्ध्या-पाऊण तासात सेंट अँड्र्यूज. त्यामुळे ओळखीतलं एखादं जोडपं स्कॉटलंडला निघालं आणि दोघांपैकी एकाला गोल्फचं वेड असलं, की फोन आमच्याकडे येतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. दर आणि वेळा दरवर्षी बदलतात. निघण्याआधी त्या तेवढ्या ताज्या बघून घ्या.

१. गोल्फ तर पुण्यातही खेळता येतो. त्यासाठी सेंट अँड्र्यूजलाच कशाला जायचं?

नुसतं खेळायचं असेल तर नका येऊ. पण ज्याला हा खेळ लागलाय त्याच्यासाठी हे पंढरपूर आहे. इथे १५व्या शतकापासून गोल्फ खेळतात. लोक तिरंदाजीचा सराव सोडून याच्या मागे लागले म्हणून १४५७ मध्ये राजा दुसरा जेम्स याने बंदीही घातली होती. तिचा फारसा उपयोग झाला नाही. एका फेरीला १८ होल (चेंडू ज्यात घालायचा ते खड्डे) हा हिशेबही इथलाच. १७६४ पर्यंत इथल्या ‘ओल्ड कोर्स’ या मैदानावर २२ होलची फेरी व्हायची, मग काही होल एकमेकांत जोडले आणि १८ उरले. बाकी जगाने तोच आकडा उचलला.

दुसरं म्हणजे, हे मैदान कुठल्याही क्लबच्या मालकीचं नाही. शेजारची ती दगडी इमारत रॉयल अँड एन्शंट क्लबची आहे, पण मैदान सार्वजनिक आहे आणि १९७४ पासून त्याचा कारभार एक ट्रस्ट पाहतो. त्या क्लबच्या स्पर्धांमध्ये ‘बॉम्बे सिल्व्हर मेडल’ नावाचं एक पदक आहे. ते १८४२ मध्ये मुंबईत निघालेल्या गोल्फ क्लबने भेट दिलेलं. तेव्हा आपला या गावाशी अगदीच संबंध नाही असंही नाही.

२. ओल्ड कोर्सवर खेळायला मिळण्यासाठी नेमकं काय करायचं?

तीन रस्ते आहेत.

पहिला, आदल्या वर्षीच अर्ज करून वेळ ठरवणं. पुढच्या वर्षाचे अर्ज साधारण उन्हाळ्याच्या अखेरीला घेतात. तारखा पक्क्या असतील तरच याच्या वाटेला जा.

दुसरा, ‘बॅलट’ म्हणजे सोडत. जोडप्यांसाठी मला हाच बरा वाटतो, कारण यात किमान दोन खेळाडू लागतात आणि तुम्ही दोघं आहातच. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारी २ पर्यंत नावं द्यायची. निकाल त्याच दिवशी लागतो. रविवारी मैदान बंद असतं (प्र. ६). सोमवारी खेळायचं तर शनिवारी नाव द्यावं लागतं, हे लक्षात ठेवा. गावात तीन-चार रात्री मुक्काम असेल तर रोज नाव द्यायला मिळतं आणि नंबर लागायची शक्यता वाढते. लागलाच तर तुमच्या जोडीला एक-दोन अनोळखी खेळाडू येऊ शकतात. ‘आम्हाला दोघांनाच खेळू द्या’ ही मागणी तिथे चालत नाही.

तिसरा रस्ता एकट्यासाठी: आदल्या दिवशी स्वतः जाऊन एकट्या खेळाडूंच्या सोडतीत नाव नोंदवायचं. जिथे जागा रिकामी असेल तिथे तुम्हाला बसवतात.

याशिवाय हॉटेल आणि खेळाची वेळ एकत्र विकणारी पॅकेजेस मिळतात. ती महाग असतात. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घ्यायचं असेल तर घ्या, एरवी मी सुचवणार नाही.

३. खर्च किती? आणि हँडिकॅप नसेल तर?

उन्हाळ्यात ओल्ड कोर्सची एका माणसाची एक फेरी ३०० पौंडांच्या वर जाते. शिवाय क्लबचं अधिकृत हँडिकॅप प्रमाणपत्र लागतं (हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) आणि तो आकडा जास्तीत जास्त ३६ असावा लागतो. ते फोनमध्येही ठेवा आणि छापूनही आणा.

नसेल तर बाकीच्या मैदानांचा विचार करा. ट्रस्टकडे एकूण सात मैदानं आहेत: ओल्ड, न्यू, ज्युबिली, ईडन, स्ट्रॅथटायरम, कासल आणि नऊ होलचं बालगोव्ह. यांतलं ‘न्यू’ १८९५ चं आहे, आणि तरी ते नवंच. ओल्ड सोडून बाकीची बरीच स्वस्त आहेत आणि तिथे वेळ सहज मिळते. माझं प्रामाणिक मत विचाराल तर मध्यम खेळणाऱ्याला ‘न्यू’वर खेळताना जास्त मजा येते. ओल्डवर पहिल्या ‘टी’पाशी, म्हणजे पहिला फटका मारतात तिथे, पन्नास लोक बघत उभे असतात आणि भल्याभल्यांचा पहिला फटका वाकडा जातो.

४. नवरा खेळतो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. चार-पाच तास मी काय करू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. (उलटाही येतो, पण कमी.) फेरीला चार तास धरा, आधी-नंतरचं मिळून पाच.

गाव लहान आहे, सगळं चालत होतं. कॅथीड्रलपासून सुरुवात करा. १३१८ मध्ये राजा रॉबर्ट द ब्रूसच्या उपस्थितीत त्याचा अभिषेक झाला होता. आता नुसत्या भिंती आणि टोकं उभी आहेत, आणि मधून समुद्राचा वारा आरपार वाहतो. तिथल्या दफनभूमीत १९व्या शतकातले नावाजलेले गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस आणि त्याचा मुलगा यंग टॉम यांच्या कबरी आहेत. तिथला एक फोटो काढून नवऱ्याला पाठवलात तर बाराव्या होलवर त्याला हेवा वाटेल.

मग किल्ला. १५४६-४७ च्या वेढ्यात बाहेरच्यांनी आत शिरायला खडक फोडून सुरुंग खणला आणि आतल्यांनी तो शोधत दुसरा खणला. दोन्ही एकमेकांना जिथे भिडले तिथपर्यंत वाकून, जवळजवळ रांगत जाता येतं. गुडघे दुखत असतील तर वरूनच बघा.

पुढे नॉर्थ स्ट्रीटवर विद्यापीठाच्या दारापाशी फरसबंदीत ‘पीएच’ अशी अक्षरं दिसतील. १५२८ मध्ये धर्मसुधारक पॅट्रिक हॅमिल्टनला जिवंत जाळलं ती ही जागा. त्यावर पाय पडला तर परीक्षेत नापास होतो असं विद्यार्थी मानतात. एरवी घाईत असलेली पोरं तिथे येताच वळसा घालून जातात. दोन मिनिटं उभं राहून बघण्यासारखं आहे. साउथ स्ट्रीटवर जॅनेटाजचं आइसक्रीम (दुकान १९०८ पासूनचं) आणि लगतच्या चर्च स्ट्रीटवर फिशर अँड डोनाल्डसनचा फज डोनट. डोनट एक घेऊन दोघांत खाऊ असं ठरवू नका, उरत नाही.

तीन तास झाले की मैदानाकडे या. ओळखायची खूण सोपी आहे: जाताना लागणाऱ्या नऊ होलवर पांढरे झेंडे, परतीच्या नऊवर लाल. मंडळी लाल झेंड्याकडे खेळताना दिसली की घरी निघालीत. बहुतेक ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) दोन-दोन होलसाठी सामाईक आहेत, म्हणून एकाच हिरवळीवर दोन झेंडे दिसतात. १८व्या होलच्या कडेने रस्ता जातो आणि तिथे एक कुंपण आहे. त्याला टेकून उभ्या राहा. शेवटचा ‘पट’ (चेंडू होलमध्ये घालायचा हलका फटका) पडला की कुंपणावरचे लोक, ओळख ना पाळख, टाळ्या वाजवतात. नवऱ्याचा चेहरा तेव्हा बघा.

५. आम्ही दोघंही अगदी नवशिके आहोत. आम्हाला काहीच नाही का?

आहे की. ‘हिमालयाज’! ओल्ड कोर्सच्या शेजारीच १८ होलचं पटिंगचं मैदान आहे, नुसते चढउतार. पटर (पट मारायची काठी) आणि चेंडू तिथेच मिळतात, दर काही पौंड, हँडिकॅप वगैरे काही विचारत नाहीत. १८६७ मध्ये बायकांच्या पटिंग क्लबसाठी ते केलं, कारण खांद्याच्या वर हात नेऊन जोरात गोल्फची काठी (तिलाही क्लबच म्हणतात) फिरवणं तेव्हा बायकांना शोभत नाही असं समजत. बायकांचा तो क्लब अजूनही आहे. सभासदांचा खेळ चालू असताना बाहेरच्यांना घेत नाहीत, तेवढी वेळ बघून जा.

जोडप्यासाठी या गावात यासारखं दुसरं काही नाही. चांगला खेळणारा आणि कधीच न खेळलेला यांच्यातला फरक हे उंचवटे पार पुसून टाकतात. हरणाऱ्याने संध्याकाळी पबमध्ये पेयांचा पहिला राउंड द्यायचा, असं ठरवून खेळा.

खरोखरचे फटके मारून बघायचे असतील तर बालगोव्ह. क्लब भाड्याने मिळतात.

६. आम्हाला फक्त रविवारच मोकळा आहे. मग?

ओल्ड कोर्स रविवारी खेळासाठी बंद, मोठ्या स्पर्धा सोडून. पण त्या दिवशी ते गावाचं उद्यान होतं. लोक कुत्री घेऊन येतात, पोरं बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यांत) उड्या मारतात, आणि तुम्ही १८व्या होलवरच्या स्विल्कन पुलावर उभं राहून फोटो काढू शकता. पूल जेमतेम दोन-तीन माणसांचा आहे, रांग असते. २०२३ मध्ये त्याच्या तोंडाशी दगडी फरशी घातली तर जगभरातून इतका ओरडा झाला की काही दिवसांतच उखडावी लागली.

बाकीची मैदानं रविवारी चालू असतात. खेळणारा आणि न खेळणारा असं जोडपं असेल तर मी रविवारच निवडेन: एक सकाळी न्यू किंवा ईडनवर, मग दुपारी दोघं मिळून ओल्डवर पायी.

७. चालायला त्रास होतो. बग्गी मिळते का? आणि कॅडी घ्यावा का?

ओल्ड कोर्सवर बग्गी नाही. वैद्यकीय कारण असेल तर आधी कळवून परवानगी घ्यावी लागते. कासल कोर्सवर बग्ग्या मिळतात.

कॅडी (क्लबची पिशवी उचलणारा आणि फटका सुचवणारा माणूस) परवडत असेल तर ओल्डवर जरूर घ्या. तिथे ११२ बंकर आहेत आणि टीवरून त्यातले अर्धेअधिक दिसतच नाहीत. १७व्या होलवर तर चेंडू हॉटेलच्या कोपऱ्यावरून मारायचा असतो. पूर्वी तिथे रेल्वेच्या शेड होत्या. ‘त्या भिंतीवरच्या अमुक अक्षरावरून मार’ असं कॅडी शांतपणे सांगतो. त्याचे पैसे रोख आणि वर बक्षिसी, तेव्हा खिशात नोटा ठेवा.

८. मे महिन्यात येतोय. गरम कपडे लागतील का?

लागतील. मेच काय, जुलैतही. समुद्रावरून ‘हार’ नावाचं धुकं येतं आणि लख्ख उन्हात दहा मिनिटांत झेंडा दिसेनासा होतो. वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, जादा मोजे. छत्री वाऱ्यात टिकत नाही. जमेची बाजू अशी की जूनमध्ये सूर्य रात्री १० च्या सुमारास मावळतो, म्हणजे संध्याकाळी पाचला सुरू केलेली फेरीही उजेडात संपते.

९. तिथे बायकांना प्रवेश नव्हता म्हणे. माझ्या बायकोला अडवतील का?

नाही. मैदानावर बायका पूर्वीपासून खेळतात. सभासदत्व नव्हतं ते रॉयल अँड एन्शंट क्लबचं; ते २०१४ मध्ये मतदानाने खुलं झालं. क्लबच्या इमारतीत तर तुम्हा दोघांनाही सोडणार नाहीत, कारण तुम्ही सभासद नाही. ओल्ड कोर्सवर बायकांची ओपन स्पर्धा २००७, २०१३ आणि २०२४ मध्ये झाली आहे.

१०. संध्याकाळी कुठे बसायचं?

हे तुम्ही कुठल्या मूडमध्ये आहात त्यावर. फेरी आताच संपली असेल, बुटांना गवत असेल, तर जिगर इन. १७व्या होलच्या कडेला बुटकी पांढरी इमारत आहे, एकेकाळी स्टेशनमास्तरचं घर. (इथली रेल्वे १९६९ मध्ये बंद झाली, घर राहिलं.) बाहेर बाकं आहेत, हातात ग्लास घेऊन दुसऱ्यांचे चेंडू भिंतीपलीकडे जाताना बघत बसायचं.

डन्व्हेगन १८व्या ग्रीनपासून शंभर-सव्वाशे यार्डांवर आहे. भिंतींवर, छतावर गोल्फवाल्यांचे फोटो, आणि शेजारच्या टेबलावरचा अमेरिकन तुम्हाला त्याची पूर्ण फेरी होलवार ऐकवणार. गोल्फचा कंटाळा आलेल्या जोडीदाराला तिथे नेऊ नका. त्यासाठी मार्केट स्ट्रीटवरचे किंवा साउथ स्ट्रीटवरचे पब बरे, तिथे गावातली माणसं आणि विद्यार्थी असतात. नटूनथटून बसायचं असेल तर ओल्ड कोर्स हॉटेलातला रोड होल बार: व्हिस्कीची मोठी यादी आणि खिडकीतून मैदान.

बहुतेक पबमध्ये वेटर टेबलापाशी येत नाही. काउंटरवर जाऊन मागायचं, तिथेच पैसे द्यायचे, ग्लास आपणच आणायचे. रांग दिसत नाही पण असते. आधी कोण आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पेयांवर टिप देत नाहीत, बसून जेवलात तर दहाएक टक्के. तिशीतल्यांनीही पासपोर्ट जवळ ठेवावा. वय १८ पुरे असलं तरी तुम्ही २५ च्या आतले वाटलात तर ओळखपत्र मागतातच.

११. एक पेग म्हणजे तिकडे किती? आणि चकणा?

आपला स्मॉल ३० मिली, लार्ज ६०. इथे माप २५ किंवा ३५ मिली. कुठलं ते पबमध्ये पाटीवर लिहिलेलं असतं. ‘लार्ज’ म्हणू नका, ‘डबल’ म्हणा. व्हिस्की सोड्यात बुडवून मागितली तर देतील, पण सिंगल माल्ट असेल तर आधी तशीच चाखा आणि मग थेंब-दोन थेंब पाणी घाला. पाण्याचा छोटा जग मागितला की मिळतो. बिअर पाइंटमध्ये, ५६८ मिली. अर्धा पाइंट बिअर आणि सोबत एक व्हिस्की ही इथली जुनी पद्धत आहे. दोघांनी चव घ्यायला ती उत्तम, आणि बारमनही खूश होतो.

चकणा फुकट येत नाही. खारे दाणे, वेफर्स विकत घ्यायचे. मसाला पापड विसरा.

१२. गाडी भाड्याने घेतलीय. एखादा ग्लास घेऊन चालवली तर चालेल ना?

नाही. स्कॉटलंडमधली मर्यादा डिसेंबर २०१४ पासून इंग्लंडपेक्षा कडक आहे: १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम, इंग्लंडात ८०. लंडनच्या भाच्याने ‘एका पाइंटने काही होत नाही’ सांगितलं असेल तर त्याचं इथे ऐकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळीही धरतात.

खरं तर गाडी आणूच नका. एडिंबरोहून ल्युकर्सपर्यंत रेल्वेने सुमारे तास, तिथून ९९ नंबरची बस दहा-पंधरा मिनिटं. परतीच्या शेवटच्या गाडीवर डोळा ठेवून संध्याकाळ काढण्यापेक्षा रात्रीचा मुक्काम गावातच करा. उन्हाळ्यात विद्यापीठाची वसतिगृहं पाहुण्यांना खोल्या देतात. हॉटेलांच्या मानाने पुष्कळ स्वस्त.

१३. आमच्यातला एकजण पीत नाही. पबमध्ये अवघडल्यासारखं होईल का?

मुळीच नाही. अल्कोहोल नसलेली बिअर जवळजवळ सगळीकडे असते. लाइम-सोडा आहे, आणि नारिंगी रंगाचं आयर्न-ब्रू एकदा तरी प्यायलाच हवं. आवडेलच असं नाही.

१४. शाकाहारी जेवण मिळेल?

मिळेल. शाकाहारी हॅगिस बऱ्याच ठिकाणी असतं, कडधान्यं आणि ओटचं, मिरपूड घातलेलं. आपल्या जिभेला लगेच पटतं. ‘कलन स्किंक’ हे सूप दुधाळ दिसतं म्हणून फसू नका, त्यात धुरावलेला मासा असतो. जेवण मात्र लवकर घ्या. पब उशिरापर्यंत उघडा असला तरी स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं. आणि दुकानातून बाटली घेऊन खोलीवर बसू म्हणाल, तर रात्री १० नंतर दुकानं दारू विकत नाहीत.

१५. गोल्फ आणि डिस्टिलरी एकाच दिवशी जमेल का?

सकाळी लवकरची फेरी मिळाली तर जमतं, पण दमछाक होते. जवळची म्हणजे किंग्सबार्न्स, दहा-बारा किलोमीटर. टॅक्सीने जा (कारण प्र. १२). लिंडोर्स ॲबी थोडी लांब आहे. १४९४ च्या राजदरबारी हिशेबात तिथल्या भिक्षूला दारू गाळायला माल्ट दिल्याची नोंद आहे, स्कॉचचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख तोच मानतात. तिच्यासाठी वेगळा दिवस काढा.

१६. दिवाळीच्या सुट्टीत आलो तर?

दर कमी, गर्दी नाही, पण नोव्हेंबरमध्ये चार-सव्वाचारलाच अंधार. फेरी सकाळीच उरका. हिवाळ्यात ओल्ड कोर्सवर गवत जपण्यासाठी फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या पट्ट्यावर) छोटी चटई ठेवून तिच्यावरून चेंडू मारावा लागतो. काहींचा त्याने हिरमोड होतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल लिंक्स स्पर्धा असते, तेव्हा खोल्या मिळत नाहीत. २०२७ च्या जुलैत तर ‘द ओपन’ ही गोल्फमधली मोठी स्पर्धाच इथे आहे. त्या उन्हाळ्यात निवांत सुट्टीसाठी येऊ नका.

१७. हँडिकॅप दोघांपैकी एकाकडेच आहे. सोडतीत दोघांचं नाव घालून ऐन वेळी एकानेच खेळलं तर?

ही युक्ती दरवर्षी कुणीतरी विचारतं. करू नका. प्रमाणपत्र प्रत्येकाचं बघतात. ज्याच्याकडे हँडिकॅप आहे त्याने एकट्यांच्या सोडतीत जावं (प्र. २), दुसऱ्याने प्र. ४ मधला दिवस घालवावा, आणि दोघांनी संध्याकाळी हिमालयाजवर गाठ घालावी.

१८. व्हिस्कीच्या बाटल्या घरी किती नेता येतात?

भारतात उतरताना माणशी दोन लिटर शुल्काविना, म्हणजे दोघांचे मिळून चार. चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा. गावातल्या दुकानातली बाटली हातातल्या सामानात प्रत्येक विमानतळावर सुरक्षा तपासणीपलीकडे जाईलच असं नाही. दुकानात व्हॅट परत मागू नका, पर्यटकांसाठीची ती सोय २०२१ पासून बंद आहे. विमानतळावर मिळणारीच बाटली असेल तर तिथेच घ्या, आणि मधे विमान बदलायचं असेल तर दुकानदाराने सील केलेली पिशवी शेवटच्या विमानतळापर्यंत फोडू नका.